तिसरा कोन

पाचवी-सहावीच्या गणितात अज्ञात कोनाच्या आकृतीखाली कधीकधी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘आकृती प्रमाणात नाही’. ते कुणी वाचत नाही. मुलं कंपासपेटी उघडतात, कोनमापक टेकवतात आणि सांगतात, “सर, ६३.” उत्तर असतं ५८. मोजणी बरोबर असते, आकृतीच तशी छापलेली असते. चौथीपर्यंत आपणच ‘मोजा आणि लिहा’ घोकून घेतलं. आता न मोजता सांगायचं आहे. नियम बदलला, पण तो बदलला हे वर्गात कुणी मोठ्यानं सांगितलेलं नसतं. मी हल्ली पहिल्याच दिवशी कोनमापक दप्तरात ठेवायला लावतो. उत्तर निघालं की आकृती आपल्या हातानं नीट काढायची, आणि मग तो बाहेर काढायचा, पडताळ्यापुरता.

*

फळ्यावर त्रिकोण टोकावर उभा काढला की निम्मा वर्ग बुचकळ्यात पडतो. पाया आडवा आणि शेंडा वर, असा असेल तरच तो त्यांच्या लेखी त्रिकोण. काटकोन त्रिकोण जरा तिरका ठेवला की त्यातला काटकोन दिसेनासा होतो. मग कुणी वही फिरवतं, कुणी मान वाकडी करतं. मी फिरवू देतो.

पिअर व्हॅन हिले आणि डिना व्हॅन हिले-गेल्डोफ या डच शिक्षक दांपत्यानं १९५७ साली उत्रेख्त विद्यापीठात भूमितीच्या शिकण्यावर प्रबंध लिहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मूल आधी आकार नुसता चेहऱ्यानं ओळखतं, पुढं त्याच्या बाजू आणि कोन वेगळे दिसू लागतात, त्याच्याही पुढं एका गुणावरून दुसरा गुण निघतो हे उमगतं. पाठ्यपुस्तकातला अज्ञात कोन तिसऱ्या पायरीवरचा आहे. वर्गातली बरीच मुलं पहिल्या पायरीवर असतात. मधली पायरी न चढवता बेरीज-वजाबाकी कितीही घोटून घेतली, तरी आकृती फिरली की सगळं मुसळ केरात.

*

वहीत तीन ओळी, तीन रकाने, अशी नऊ घरं आखायची. ओळींना बाजूंवरची नावं : समभुज, समद्विभुज, विषमभुज. रकान्यांना कोनांवरची : लघुकोन, काटकोन, विशालकोन. प्रत्येक घरात एक त्रिकोण बसवायचा.

सात घरं भरतात. समभुज-काटकोन आणि समभुज-विशालकोन ही दोन रिकामी राहतात. मुलं आधी म्हणतात, “हे आम्हाला येत नाही.” थोडी झटापट झाली की एखादी मुलगी हळूच विचारते, “सर, हे होतच नसेल तर?” तिथं खरा तास सुरू होतो. तिन्ही बाजू सारख्या, म्हणून तिन्ही कोन सारखे. १८० चे तीन सारखे भाग म्हणजे ६०. ६० चे ९० कुठून होणार? ‘येत नाही’ आणि ‘होत नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या, आणि दुसरी पटवून देता येते, हे मुलांना बहुधा इथंच पहिल्यांदा कळतं.

समभुजाला समद्विभुज म्हणायचं की नाही, यावर वाद होतो. होऊ द्यावा. युक्लिडनं समद्विभुजाच्या व्याख्येत ‘दोनच बाजू समान’ असं धरलं होतं. आजची बरीच पुस्तकं ‘निदान दोन’ असं धरतात. व्याख्या ठरवली की मग मात्र तिला धरून राहायचं.

*

बऱ्हाणपूरच्या लालबागेत राहून वर्गात उदाहरणं बाहेरून आणायची गरज नाही. कुंडी भंडारा हाकेच्या अंतरावर आहे. १६१५ साली, जहांगीराच्या राजवटीत आणि अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या फारसी जाणकारानं ही पाण्याची व्यवस्था उभी केली. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत झिरपणारं पाणी भुयारात गोळा करायचं आणि नुसत्या उतारानं शहराकडं आणायचं. मोट नाही, रहाट नाही. भुयारावर ठरावीक अंतरानं उभ्या कुंड्या सोडलेल्या, हवेसाठी आणि साफसफाईसाठी. आता खाली उतरायला लिफ्टही बसवली आहे.

फळ्यावर याची आकृती काढली की दोन कुंड्या म्हणजे दोन उभ्या रेघा आणि खालून तिरकं जाणारं भुयार म्हणजे त्यांना छेदणारी तिसरी रेघ. दोन्ही कुंड्या ओळंब्यात, म्हणजे एकमेकींना समांतर. भुयार दोन कुंड्यांमध्ये सरळ आहे असं धरू. आता पहिल्या कुंडीत डोंगराकडच्या बाजूला कोन ८५ अंश असेल, तर शहराकडच्या बाजूला किती? सरळ रेषेतले कोन, म्हणून ९५. दुसऱ्या कुंडीत डोंगराकडच्या बाजूला किती? संगत कोन, म्हणून पुन्हा ८५. भुयाराचा आडव्या रेषेशी कोन किती? काटकोन त्रिकोणात ९० आणि ८५ गेले, उरले ५.

हा ५ फळ्यापुरता. खऱ्या भुयाराला इतका ढाळ दिला असता तर पाणी नुसतं धावत सुटलं असतं. खरा उतार इतका थोडा असतो की त्याचा कोन कोनमापकावर रेघेच्या जाडीत हरवेल.

*

म्हणूनच कामकरी माणूस अंशांत बोलत नाही. गवंड्याला विचारा, मोरीला उतार किती ठेवलात? तो सांगेल, दहा फुटाला दोन इंच. बऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन आमच्या लालबागेतच आहे; तिथं एक रूळ दुसऱ्यापासून फुटतो त्या जागेचं माप भारतीय रेल्वेत ‘साडेआठात एक’ किंवा ‘बारात एक’ असं सांगतात. बारा पावलं पुढं गेल्यावर एक पाऊल बाजूला. अंशांत हा कोन पावणेपाचच्या आसपास भरतो, पण रूळ बसवणाऱ्याला अंशांचं काय करायचं? त्याच्या हातात फूटपट्टी आणि टेप. त्याला बाजू कळल्या की कोन आपोआप आला.

*

बाजू कळल्या की कोन आला, या वाक्याची वंशावळ खानदेशातच सापडते. चाळीसगावजवळ पाटण इथं भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख त्याची साक्ष देतो. भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० चा. ‘लीलावती’ त्याचाच पाटीगणिताचा भाग.

‘लीलावती’तल्या त्रिकोणांना कोनांची मापं नाहीत. बाजू आहेत, लंब आहे, लंबानं पायाचे झालेले दोन तुकडे (त्यांना आबाधा म्हणतात) आहेत, क्षेत्रफळ आहे. त्यातला १३, १४, १५ बाजूंचा त्रिकोण मी सहावीला देतो. १४ चा पाया घेतला तर लंब १२ येतो, आबाधा ५ आणि ९, क्षेत्रफळ ८४. दिसायला साधा विषमभुज त्रिकोण. लंब टाकला की आतून दोन काटकोन त्रिकोण निघतात, ५-१२-१३ आणि ९-१२-१५. एका त्रिकोणात दुसरे दडलेले असतात, हे बघायची सवय पुढं अज्ञात कोन काढताना कामी येते.

*

‘लीलावती’त आणखी एक खमंग जागा आहे. कुणी आगाऊपणानं तुम्हाला ३, ६, ९ बाजूंचा त्रिकोण काढायला सांगितला, तर तो आकारच नव्हे हे ओळखा, असं भास्कराचार्य बजावतात. एक बाजू बाकीच्यांच्या बेरजेएवढी किंवा तिच्याहून मोठी असेल तर क्षेत्र बनत नाही. पटत नसेल तर तेवढ्या लांबीच्या काड्या जमिनीवर मांडून बघा.

आम्ही खराट्याच्या काड्या घेतल्या. ३, ६, ९ सेंटिमीटरच्या तुकड्यांनी दोन लहान काड्या मोठीवर सपाट झोपल्या. एक मुलगा त्यांना बोटानं वर ढकलून टोकं जुळवायचा प्रयत्न करत राहिला. त्याच्या शेजारणीनं ९ ची काडी थोडी खुडली, आणि तत्काळ एक चपटा त्रिकोण उभा राहिला. “आता बघ,” ती म्हणाली. त्याच्या माथ्याचा कोन जवळजवळ सरळ होता. काडी आणखी खुडली की माथ्याचा कोन लहान, पायाचे दोन मोठे. बाजू बदलली की कोन कसे हलतात हे मुलांनी कोनमापकाशिवाय पाहिलं.

*

बऱ्हाणपुरात यंत्रमागाचं कापड बघण्यात न आलेलं मूल विरळा. ताणा उभा, बाणा आडवा, दोघांत काटकोन. कापड ताण्याच्या दिशेनं ओढलं तर हटत नाही. बाण्याच्या दिशेनंही नाही. उरेब, म्हणजे तिरपं, ओढलं की लांबतं. शिंपी गळपट्टीला उरेब पट्टी का कापतो, याचं उत्तर भूमितीत आहे. विणीतल्या चौकोनाच्या चारही बाजू तेवढ्याच राहतात, फक्त कोन बदलतात, चौरसाचा समभुज चौकोन होतो. चार काड्या टाचण्यांनी जोडून केलेली चौकट अशीच डुलते. तीन काड्यांची डुलत नाही. तीन बाजू ठरल्या की कोनांना हलायला जागाच उरत नाही. भास्कराचार्यांना कोनांच्या मापांवाचून भागलं ते याच जोरावर.

*

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०, हे दाखवायचा प्रयोग सगळे करतात : कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडायचे आणि शेजारी शेजारी लावायचे, सरळ रेघ होते. प्रयोग छान आहे. पण तो त्या एका कागदाचा. १७९ असते तरी डोळ्याला सरळच दिसलं असतं.

कारण सांगायला एक रेघ पुरते. माथ्यातून पायाला समांतर रेघ काढायची. पायाचे दोन कोन व्युत्क्रम कोन होऊन वर येतात आणि माथ्याच्या कोनाच्या दोन्ही बाजूंना बसतात. तिघं मिळून सरळ रेघ. ही पद्धत पायथागोरसच्या संप्रदायाची असं प्रोक्लसनं नोंदलं आहे. युक्लिडनं पाया पुढं वाढवून वेगळ्या वाटेनं तेच सिद्ध केलं, पहिल्या भागातल्या ३२ व्या प्रमेयात. मी आधी कागद फाडून घेतो, मग रेघ काढतो. फाडल्यामुळं खरं वाटतं, रेघेमुळं ते सगळ्याच त्रिकोणांना लागू का हे कळतं.

*

महाराष्ट्राच्या सीमेवरच्या आमच्या मुलांची एक खास पंचाईत. रावेरकडून आलेलं मूल ६० चा पूरक कोन १२० लिहितं, आणि इथल्या हिंदी पुस्तकाप्रमाणं ते चुकतं, कारण हिंदीत पूरक म्हणजे बेरीज ९०, उत्तर ३०. मराठीत त्याला कोटिकोन म्हणतात. आपल्या पूरकाला हिंदीत संपूरक. हिंदीतला समकोण त्रिभुज म्हणजे आपला काटकोन त्रिकोण, पण मराठी घरातल्या मुलाला तो तिन्ही कोन सारखे असलेला वाटतो आणि ते खुशाल तीनदा ६० लिहून मोकळं होतं. तपासणाऱ्यानं अशा वहीवर फुली मारण्याआधी मूल कुठल्या शाळेतून आलंय तेवढं विचारावं.

*

समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ४० अंश. बाकीचे दोन काढा.

वर्ग एका सुरात म्हणतो, ७० आणि ७०. बरोबर. पण ४० हा पायाचा कोन असेल तर? मग दुसरा ४० आणि माथ्याचा १००. दोन्ही उत्तरं खरी. आता एक कोन १०० दिला तर? एकच उत्तर, ४० आणि ४०. पायाला १०० दिले तर दोघांतच २०० झाले. ९० ला एकच. ६० ला दोन्ही वाटांनी एकच. बाकी ९० च्या आतल्या प्रत्येक कोनाला दोन-दोन उत्तरं. असं का, हे मुलांनाच शोधू द्यावं. गंमत अशी, की हुशार समजली जाणारी मुलं इथं घाईनं एक उत्तर देतात आणि ज्याला वही फिरवायची सवय आहे त्याला दुसरं दिसतं.

*

दोन कोन मिळाले की तिसरा वजाबाकीनं येतो. मग तिसरा मोजायचा कशाला?

१८०२ साली विल्यम लॅम्ब्टननं मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. एक बाजू मोजायची, दोन्ही टोकांवरून तिसऱ्या खुणेकडचे कोन घ्यायचे, उरलेल्या बाजू हिशोबानं काढायच्या. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण. कोन मोजायचा त्याचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. अशी त्रिकोणांची साखळी उत्तरेकडं आणत आणत तो आपल्या मुलखापर्यंत पोचला आणि १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं.

हे लोक जमेल तिथं तिसरा कोनही मोजत. बेरीज १८० पासून जितकी ढळेल तितकी मोजणीत चूक. तिसरा कोन म्हणजे पहिल्या दोघांचा हिशोबनीस. मात्र पृथ्वी गोल असल्यानं मोठ्या त्रिकोणात बेरीज खरोखरच १८० च्या किंचित वर जाते, दर सुमारे २०० चौरस किलोमीटरला एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. कुंडी भंडाऱ्याच्या कुंड्याही काटेकोरपणे समांतर नाहीत. एक किलोमीटर अंतरावरच्या दोन ओळंब्यांत साधारण अर्ध्या मिनिटाचा कोन पडतो, आणि इथं मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. सहावीच्या मुलाला हे सांगावं का? मी सांगतो. १८० हा सपाट कागदाचा नियम आहे, हे कळल्यानं त्याचं काही बिघडत नाही.

*

२१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमाराला अंगणात एक मीटरची काठी ओळंब्यात रोवावी. आपल्याकडं सूर्य घड्याळाच्या बाराला सगळ्यात उंचावर येत नाही. मार्चात साडेबारा होतात, सप्टेंबरात थोडं अलीकडं. सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा ती ३९ सेंटिमीटरच्या आसपास भरते. काठी, सावली आणि किरण मिळून काटकोन त्रिकोण. सावलीच्या टोकाशी सूर्याची उंची, सुमारे ६९ अंश. काठीच्या टोकाशी उरले २१. हे २१ म्हणजे बऱ्हाणपूरचा अक्षांश. नकाशा उघडून जुळवून बघावं.

सावली नाहीशी होण्याचे दिवसही इथं येतात, कारण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत : एकदा मेच्या अखेरच्या आठवड्यात, एकदा जुलैच्या मध्यावर. मेमध्ये शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ.

*

कंपासपेटीतले दोन गुण्ये मुलं सहसा वापरत नाहीत. एकाचे कोन ३०, ६०, ९०. दुसऱ्याचे ४५, ४५, ९०. दोघं शेजारी ठेवून किंवा एकावर एक ठेवून १५, ७५, १०५, १२०, १३५, १५० करता येतात. ४० करून दाखवा म्हटलं की खटपट सुरू होते. होत नाही, बेरजा-वजाबाक्या सगळ्या १५ च्या पटीतच फिरतात.

*

शेवटी सातवीच्या चुणचुणीत मुलांसाठी. एडवर्ड लँग्लीनं १९२२ साली ‘मॅथमॅटिकल गॅझेट’मध्ये घातलेलं हे कोडं. अबक समद्विभुज, ब आणि क हे कोन ८० अंशांचे, अ २० चा. क मधून कअ शी ३० अंश करणारी रेघ अब ला प मध्ये मिळते. ब मधून बअ शी २० अंश करणारी रेघ अक ला म मध्ये मिळते. कोन बमप किती?

नुसत्या वजाबाक्या करत गेलं तर पाटी भरते, उत्तर येत नाही. एक रेघ हवी : ब मधून बक शी २० अंश करणारी, अक ला ग मध्ये मिळणारी. आता त्रिकोण ओळखत जायचे. बकग मध्ये क आणि ग दोन्ही ८०, म्हणून समद्विभुज, बग = बक. बकप मध्ये क आणि प दोन्ही ५०, म्हणून बप = बक. म्हणजे बप = बग, आणि त्यांच्यातला कोन ६०; तो समभुज निघाला, गप = गब. गबम मध्ये ब आणि म दोन्ही ४०, म्हणून गम = गब. म्हणून गप = गम. ग पाशी सरळ रेषेतून ८० आणि ६० गेले, उरले ४०. तेव्हा पगम चे बाकीचे दोन कोन ७०-७०. म पाशी सत्तरातून ४० गेले, कोन बमप ३०.

यात १८० ची बेरीज, सरळ रेघ आणि समद्विभुज यापलीकडं काहीही नाही, सगळं प्राथमिक शाळेतलं. वजाबाक्या पाचवीतल्या मुलालाही जमतील. त्याला अडतं ते पाच त्रिकोण वेगळे दिसण्यापाशी. म्हणून मी मुलांना ग ची रेघ स्वतःच काढून देतो आणि कोन विचारतच नाही; एवढंच सांगतो, यातले समद्विभुज शोधा आणि प्रत्येकाची नावं लिहा. नावं पूर्ण झाली की ३० हा आकडा मला सांगावा लागत नाही.